चतुर्थीचे मोदक

गणेश चतुर्थी, रात्री

आज दोन उकडीचे मोदक खाल्ले, पंगतीत बसून, वरून साजूक तुपाची धार घेऊन. डायबेटिस निघाल्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने माझं सगळं पथ्यावर चाललंय, गोळी अजून लागलेली नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची नाहीतर मुगाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. भात नावापुरता. चहाबरोबरची बिस्किटं सुटली त्याचं आता काहीच वाटत नाही. मोदक सोडायला सांगितलं असतं तर मात्र जीव तुटला असता. म्हणून सवयीचं गोड काढून टाकलं आणि सणाचं ठेवलं.

सासूबाईंच्या हाताला अजून तीच सफाई आहे. पातळ पारी, एकसारख्या कळ्या, खाली हळदीचं पान. मोदक फोडला की आधी त्या पानाचा वास येतो, मग जायफळाचा. इतकं सुंदर काही घाईघाईत, अपराधी वाटून खाणं मला पटत नाही.

ताटात आज भात घेतलाच नाही, कारण मोदकाची उकड म्हणजे तांदूळच. आधी कोशिंबीर, अळूची भाजी, उसळ. मोदक सगळ्यात शेवटी. भाजी आणि कडधान्य आधी पोटात गेलं की मागून येणारी साखर रक्तात सावकाश चढते. थोरल्या जाऊबाई आग्रह करत होत्या, "घे गं अजून एक, गुळाचाच तर आहे!" त्यांची माया कळते. पण गूळही मुख्यतः साखरच, रक्तात दोन्ही सारखीच चढतात. त्यांना तसं सांगितलं आणि ताटावर हात आडवा धरला.

जेवून लवंडले नाही. ह्यांच्याबरोबर चौकातल्या गणपतीपर्यंत चालत जाऊन आले. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. दोन तासांनी मशीनवर 164. डॉक्टरांनी मला 180 च्या आत राहायला सांगितलंय, तेव्हा फार बरं वाटलं. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, एका चतुर्थीने ती बिघडत नाही. उद्या, परवा, तेरवा उरलेले मोदक तव्यावर परतून खाल्ले तर बिघडेल. म्हणून उरलेले डब्यात भरून शेजारी दिले.

उद्या ऋषिपंचमी. भाजीसाठी अळू, शिराळी, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसं आणून ठेवलीत. माझ्या वाटीत सुरण आणि कणसाचे तुकडे थोडेच घ्यायचे, बाकी पोटभर.