आवाज बंद, माग चालू

भाऊजी विचारतात, चहाच्या गाड्यावरचे विचारतात, परवा तर डोळे तपासणारानंही विचारलं: "रात्र रात्र सीरिज बघून तुला मिळतं काय?" हसून सोडून द्यायचो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बेळगावच्या वडगावात आमचे दोन यंत्रमाग आहेत. रात्रपाळी माझी. माग चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, तिथं सीरिजचे संवाद काय ऐकू येणार? म्हणून मी आवाज बंद करून बघतो, खालची इंग्रजी अक्षरं वाचत. एकदा आवाजच नाही म्हटल्यावर जर्मन काय, कोरियन काय, सगळं सारखंच. "मराठी असून मराठी मालिका का बघत नाहीस?" हेही ऐकून घेतलंय. आमच्या गावात पाटी कुठल्या भाषेत, अर्ज कुठल्या भाषेत, हे दिवसभर चालूच असतं. रात्री तीन वाजता मला अशी भाषा बरी वाटते, जिच्यात माझ्याकडून कुणाला काही नको असतं.

मावशी सांगते, "आम्ही महाभारत दर रविवारी बघायचो. चौऱ्याण्णव भाग, आठवडा आठवडा थांबून." खरं आहे. पण थांबत होतात कारण पुढचा भाग मिळतच नव्हता. 2013 च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सनं एका सीरिजचे तेरा भाग एकाच दिवशी सोडले, आणि थांबण्याचं काम बघणाऱ्यावर आलं. ते मला जमत नाही, हे कबूल.

पूर्वी मी म्हणायचो, सीरिजमुळे पाळीला झोप लागत नाही. थाप होती. मागाच्या त्या खडखडाटात कुणालाच झोप लागत नाही.

2019 च्या पावसाळ्यातलं मात्र नीट सांगायला हवं. 'डार्क' नावाच्या जर्मन सीरिजच्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा, आठवा भाग चालू होता. फोन मागाच्या चौकटीला सुतानं बांधलेला. त्या सीरिजमध्ये विंडन नावाच्या गावातली पोरं हरवतात, आणि काळ तेहतीस वर्षांच्या फेऱ्यात फिरतो. (आमच्याकडे सीमावादाचं 1956 साल अजून संपलेलं नाही, त्यामुळे मला समजायला जड गेलं नाही.) बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला तर आमचा माग आपोआप थांबतो. ताण्याची, म्हणजे उभी तार तुटली तर थांबत नाही. जुना माग आहे, विणतच राहतो. त्या रात्री ताण्याची एक तार तुटली. मी वर बघितलं तेव्हा साडीत सहा हात लांब उभी रेघ उतरली होती. केसाएवढीच, पण सरळ.

सकाळी अप्पा आले. त्यांना जवळचं धड दिसत नाही. त्यांनी कापडावरून अंगठा फिरवला आणि रेघ होती तिथंच तो थांबला.

"रात्री करंट गेला होता," मी म्हणालो.

"करंट गेल्यावर आडवा पट्टा पडतो. ही उभी हाय," अप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलायलास?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुई मागितली. त्याच ताण्याचं सूत ओवून ट्यूबलाइटखाली बसले आणि रेघेत धागा भरू लागले, एक वर, एक खाली. मी म्हटलं, व्यापारी थोडे पैसे कापून घेईल, राहू द्या. ऐकलं नाही. दुपारपर्यंत दोन हात भरले. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि सुई तशीच कापडात टोचून उठले. ती साडी विकली नाही. आई घरात नेसते. दोन हातांपर्यंत रेघ शोधावी लागते, पुढं आपोआप दिसते.

त्यानंतर मी सोडायला हवं होतं, हेच ना? सोडलं होतं, महिनाभर. त्या महिन्यात एकही साडी बिघडली नाही. हे माझ्याविरुद्ध जातं, तरी सांगतो.

2020 च्या जूनअखेरीस तिसरा सीझन आला तेव्हा माग बंद होते. ना सूत, ना गिऱ्हाईक. घरी बसून पहिल्यांदाच आवाज लावून बघितलं. दोन सीझन मी ज्या माणसाला घोगरा समजत होतो, तो चक्क मऊ बोलत होता. तीन भागांनंतर मी आवाज बंद केला. तरीही मजा येईना. हाताला काही काम नव्हतं, शेजारी काही हलत नव्हतं. मला सीरिज आवडते की मागाशेजारची सीरिज आवडते, हे मला अजून सांगता येत नाही. मग तुम्हाला काय सांगणार?

आता पुढचा भाग आपोआप सुरू होत नाही. ते बंद करून ठेवलंय. भाग संपला की उठतो, दोन्ही मागांवरच्या कापडावर हात फिरवतो, मगच पुढचा लावतो.

गेल्या महिन्यात पुन्हा रेघ पडली. चार बोटं लांब. त्या रात्री फोन घरी चार्जिंगला होता. मी नुसता उभा होतो, मागाकडेच बघत.

सकाळी अप्पांनी अंगठा फिरवला, थांबवला.

"कुठलं बघत हुतास?"