सस्पेन्शनची जुळवणी: रस्ता आणि ट्रॅक

या टप्प्यात माझ्या मोटरसायकलच्या सस्पेन्शनच्या दोन जुळवण्या निश्चित झाल्या: एक रोजच्या रस्त्यासाठी आणि दुसरी ट्रॅकसाठी. सुरुवात सॅगपासून केली, कारण स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन किती दबते हे ठरल्याशिवाय डॅम्पिंगच्या (सस्पेन्शनच्या हालचालीचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्क्रूला हात लावण्यात अर्थ नसतो.

चाक उचलून सस्पेन्शन पूर्ण ताणलेले असताना एक माप घेतले आणि हेल्मेटसह संपूर्ण रायडिंग गिअर घालून बसल्यावर तेच माप पुन्हा घेतले. सीलच्या घर्षणामुळे फोर्क (पुढचे सस्पेन्शन) दाबून सोडल्यावर एक आकडा मिळतो, तर वर उचलून सोडल्यावर दुसरा, म्हणून दोन्हींची सरासरी धरली. रस्त्यासाठी पुढे 35 आणि मागे 33 मिमी सॅग ठेवला; ट्रॅकसाठी तो 30 आणि 28 मिमीवर आणला.

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात साध्या स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो, फक्त गाडीची उंची बदलते. म्हणूनच स्वाराविना, गाडीच्या स्वतःच्या वजनाने पडणारा सॅगही मी मोजतो. रस्त्याच्या जुळवणीत मागे तो 10 मिमी आला, तेव्हा स्प्रिंग माझ्या वजनाला योग्य आहे असे मी मानतो; तो जवळजवळ शून्य आला असता, तर स्प्रिंग मऊ आहे आणि केवळ जास्त प्रीलोडने उंची राखली आहे हे उघड झाले असते.

सर्वाधिक वेळ रिबाउंडने, म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत ताणले जाताना आवरणाऱ्या डॅम्पिंगने, घेतला, आणि तो द्यायलाच हवा. रिबाउंड अति मंद असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांवर चाक परत खाली येण्यापूर्वीच पुढचा धक्का बसतो, सस्पेन्शन दबत दबत खाली जाते आणि गाडी विनाकारण कडक वाटू लागते. अति जलद असेल तर वळणात गाडी डोलते. रस्त्यासाठी तो ट्रॅकपेक्षा दोन क्लिक (स्क्रू फिरवतानाचे टप्पे) मोकळा ठेवला. क्लिक नेहमी स्क्रू पूर्ण बंद करून, तिथून मोजले, आणि एका वेळी एकच बदल केला. टायरमधील हवाही प्रत्येक वेळी टायर थंड असतानाच तपासली.

फोर्क कुठपर्यंत दबला याची खूण म्हणून त्यावर बांधलेल्या केबल टायनुसार, ट्रॅकवर जोरात ब्रेक लावल्यावर दबण्याचे शेवटचे 10 मिमी शिल्लक राहतात. कम्प्रेशन (दबतानाचे डॅम्पिंग) सध्या तसेच ठेवले आहे. पुढील काम फोर्कमधील तेलाच्या पातळीचे आहे: ती थोडी वाढवली की आतील हवेची जागा कमी होते आणि दबण्याच्या अखेरच्या भागातच प्रतिकार वाढतो.