‘सगळं धरून साठ लाख’ची फोड

पुनावळे, रावेत, मोशी, वाघोली, मांजरी. पुण्याच्या कडेला कुठेही साइट बघायला जा, सेल्स ऑफिसात टू बीएचकेचा एकच गोल आकडा कानावर पडतो : “सगळं धरून साठ, सर.” यालाच बॉक्स प्राइस म्हणतात. या आकड्याला २० वर्षांचा हप्ता लावून ‘परवडतंय की’ असं ठरवलं जातं आणि घोळ तिथेच सुरू होतो. घर हप्त्यामुळे हुकतं त्यापेक्षा पहिल्या चार-सहा महिन्यांत रोख काढाव्या लागणाऱ्या रकमेमुळे जास्त हुकतं. तेव्हा साठ लाखांचं उदाहरण घेऊन आकडा उलगडून बघू.

महापालिका हद्दीत, बांधकाम चालू असलेला फ्लॅट. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के : मूळ ५, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. (मेट्रोचा हा १ टक्का १ एप्रिल २०२२ पासून आहे. तुमच्या साइटपासून मेट्रो कोसभर लांब असली तरी तो भरायचाच.) जीएसटी ५ टक्के. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,०००. साठातून हे ३०,००० वजा करून १.१२ ने भागलं की अ‍ॅग्रीमेंटची किंमत येते ५३.३० लाख. त्यावर मुद्रांक शुल्क ३.७३ लाख आणि जीएसटी २.६७ लाख. म्हणजे साठातले पावणेसात लाख घराचे नाहीतच, सरकारचे आहेत.

बँक कर्ज देते ते अ‍ॅग्रीमेंटच्या किमतीवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ही मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के आहे आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी हा खर्च त्या किमतीत धरता येत नाही. ५३.३० चे ८० टक्के म्हणजे ४२.६४ लाख. उरलेले १७.३६ लाख तुमचे, बँकेच्या भाषेत ‘ओसीआर’. काही बँका जीएसटी किमतीत धरून थोडं जास्त देतात, काही देत नाहीत. बुकिंगच्या आधी बँकेत जाऊन एवढं तरी विचारून यावं. ‘वीस टक्के म्हणजे बारा लाख, जमतील’ असा हिशोब करून आलेल्यांना नेमके हेच पाच-साडेपाच लाख कमी पडतात. मग पर्सनल लोन निघतं, आणि त्याचा हप्ता आला की गृहकर्जाची पात्रताच घसरते.

हे १७.३६ लाख कधी द्यावे लागतात ते जास्त महत्त्वाचं. रेरा कायद्यानुसार (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा) नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंट होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. इथे ते ५.३३ लाख. अ‍ॅग्रीमेंटच्या दिवसापर्यंत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ४.०३ लाख भरलेले हवेत. बँक आपला पहिला चेक साधारणपणे तुमचा वाटा पूर्ण भरल्यावरच काढते, म्हणजे उरलेले ५.३३ लाखही तुम्हीच आधी द्यायचे. जीएसटी मात्र प्रत्येक हप्त्याबरोबर जातो. थोडक्यात, बँकेचा रुपया हलायच्या आत पंधरा लाखांच्या आसपास तुमच्या खात्यातून गेलेले असतात.

त्यानंतरचं वेळापत्रक महाराष्ट्राच्या नमुना करारातच आहे. अ‍ॅग्रीमेंटनंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झालं की ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, भिंती-प्लास्टर-फरशी-दारं-खिडक्यांना ७५ आणि पुढे पाच-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी ताब्याच्या वेळी १००. नीट बघा : इमारत जमिनीच्या वर डोकंही काढत नाही तोवर जवळजवळ निम्मे पैसे गेलेले असतात. आपल्या उदाहरणात जोत्याला बँकेचे १३.३ लाख सुटलेले असतील. ८ टक्क्यांनी त्याचं नुसतं व्याज, म्हणजे प्री-ईएमआय, महिना ८,९०० च्या घरात. स्लॅब संपले की बँकेचे २६.६५ लाख आणि व्याज १७,८००. हे व्याज भरताना तुम्ही भाड्याच्या घरात राहत असता, म्हणजे भाडं अधिक व्याज. ताबा लांबला की हा दुहेरी भार लांबतो. म्हणून ताब्याची तारीख सेल्स ऑफिसच्या तोंडून ऐकू नका. महारेराच्या (राज्यात रेरा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाने शोधा आणि तिथली पूर्णत्वाची तारीख, आधी मुदतवाढ घेतली आहे का, प्रकल्पावर बोजा किंवा दावे आहेत का, हे बघा. ‘डिसेंबरला देतो सर’ आणि संकेतस्थळावरची तारीख यांत दीड-दोन वर्षांचा फरक असेल तर हिशोबात संकेतस्थळावरचीच धरा. दिरंगाईचं व्याज मागता येतं ते करारातल्या तारखेवरून, तोंडी शब्दावरून नाही.

आता रेट. एजंट म्हणेल, “चौरस फुटाला सहा हजार नऊशेचा रेट आहे, या भागात कुणी देणार नाही.” हा रेट निघतो कसा? ६२० चौरस फूट ‘कार्पेट’वर ४० टक्के लोडिंग (जिना, लिफ्ट, लॉबी अशा सामाईक जागेचा वाटा) चढवून ८६८ चौरस फूट सेलेबल, आणि साठ लाख भागिले ८६८. सेलेबल हा शब्द कायद्याने कधीच बाद केला, बोलण्यातून मात्र जात नाही. पण खरी मेख त्या ६२० मध्ये आहे. अ‍ॅग्रीमेंटच्या मसुद्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. तिथे रेरा कार्पेट ५२ चौरस मीटर आणि बाल्कनी व ड्राय बाल्कनी मिळून ५.६ असं दिसेल. ५२ ला १०.७६४ ने गुणलं की ५६० चौरस फूट. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची येत नाही. सेल्सवाले बाल्कनी मिळवून त्याला ‘यूजेबल कार्पेट’ म्हणतात. म्हणजे अ‍ॅग्रीमेंटच्या किमतीने खरा रेट ९,५०० च्या वर आणि सगळं धरून १०,७००. दोन साइट्सची तुलना करायची तर एकच सूत्र : बॉक्स प्राइस भागिले रेरा कार्पेट. बाकीचे सगळे रेट कचऱ्यात टाका.

बॉक्सच्या बाहेर काय ठेवलंय तेही विचारावं लागतं. फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), पार्किंग, वीजजोडणी, क्लब हाउस, सोसायटी स्थापनेचा खर्च, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. कॉस्ट शीट लेखी मागा आणि तिच्यात ‘अ‍ॅट अ‍ॅक्चुअल्स’ (जेवढा येईल तेवढा खर्च) असं जिथे लिहिलं असेल तिथे आकडा घालून घ्या. दिला नाही तर तो आकडा लहान नाही, एवढं समजून घ्या.

बाजार बदलतो आहे असं आपण म्हणतो तेव्हा किमती चढतात एवढंच घडत नाही, नियमांतल्या जागच्या जागी थांबलेल्या पायऱ्याही त्याच वेळी पायात येतात. सगळ्यात ठळक पायरी ४५ लाखांची. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का आहे. त्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट महानगरांत ६०, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत हवं. या व्याख्येत मुंबई महानगर प्रदेश येतो, पुणे येत नाही. म्हणजे पुण्यात ९० चौरस मीटरची, भल्या मोठ्या थ्री बीएचकेएवढी सवलत आहे! अडतं ते किमतीवर. ४५ लाख ही रक्कम २०१९ पासून तीच आणि कडेच्या भागातला नवा टू बीएचके तिच्या पलीकडे निघून गेलेला. बरं, या ४५ मध्ये पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, पसंतीच्या जागेचे पैसे, सगळं मोजायचं. ४५ लाखांवर जीएसटी ४५,०००, साडेपंचेचाळीसवर २,२७,५००. पन्नास हजारांच्या पार्किंगपायी एक लाख ऐंशी हजारांचा कर वाढतो. किंमत ४५ च्या अगदी काठावर असेल तर पार्किंग जमेस धरलंय का, हा पहिला प्रश्न.

दुसरी पायरी कर्जाची. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, पुढे ७५ लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के. ९३.७५ लाखांच्या घराला ८० टक्क्यांनी ७५ लाख मिळतात आणि १ कोटीच्या घराला ७५ टक्क्यांनी तेवढेच. मधले सव्वासहा लाख पूर्ण तुमच्या खिशातून. खालच्या बाजूला ३३.३३ ते ३७.५० लाखांमध्ये हाच प्रकार, कर्ज ३० वरच अडकतं. ‘थोडेच जास्त आहेत, वरच्या मजल्याचा घेऊ’ असं या पट्ट्यात म्हणायचं झालं तर ते ‘थोडे’ रोख मोजायची तयारी हवी.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० चं नाव सेल्स ऑफिसात अजूनही घेतलं जातं. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल तर कमाल १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. साठ लाखांच्या फ्लॅटला तिचा काडीचा उपयोग नाही.

व्याजदराचं मात्र लोकांना फार आकर्षण. रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) २०२५ मध्ये साडेसहावरून सव्वापाचवर आला. ९ टक्क्यांचं कर्ज ८ वर आलं की २० वर्षांसाठी लाखामागे हप्ता ९०० वरून ८३६. आपल्या ४२.६४ लाखांवर महिन्याला २,७०० वाचले, हप्ता ३५,७००. चांगलंच आहे. पण या काळात किंमत १० टक्के वाढली असेल तर ओसीआरमध्ये पावणेदोन लाखांची भर पडली, आणि ती दर उतरल्याने भरून येत नाही. दर पुन्हा चढू शकतो हेही आहेच. ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेलं कर्ज ९ वर गेलं आणि हप्ता तोच ठेवला, तर फेडायला ३८ वर्षं लागतात, कारण लाखामागे ७७५ च्या हप्त्यातले ७५० नुसत्या व्याजात जातात. २०२२-२३ मध्ये दर साधारण असेच चढले आणि बऱ्याच जणांची मुदत त्यांच्या नकळत वाढली. आता दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारणं बँकेवर बंधनकारक आहे. पत्र आलं की हप्ता वाढवून घ्या. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंडही नाही.

रेडी रेकनरकडे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांकडे, लक्ष हवं. मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं. हे दर दोन वर्षं जागेवर होते, १ एप्रिल २०२५ ला वाढले : पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्के, पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९. तुमच्या सर्व्हे नंबरचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. ‘थोडे रोखीत द्या, अ‍ॅग्रीमेंट कमीचं करू’ असं रीसेलमध्ये कुणी सुचवलं तर कायद्याचा भाग सोडाच, कर्ज त्या कमी रकमेवर मिळतं आणि ओसीआर आणखी फुगतो.

खरेदीदार फक्त महिला असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, इथे ५३,३००. नवऱ्याचं नाव मालकीत घातलं की सूट गेली, पण तो सहकर्जदार राहू शकतो. मालकी नसेल तर त्याला व्याजाची वजावट मिळत नाही हे खरं, तरी नव्या कररचनेत स्वतः राहत्या घराला ती तशीही नाही. आणखी एक हमखास विसरली जाणारी गोष्ट : किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर बिल्डरला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा. प्रत्येक हप्त्याला. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये.

कडेच्या भागात निम्म्या किमतीचे फ्लॅटही दिसतील, गुंठ्यांच्या प्लॉटवर उभे राहिलेले, पार्किंगसकट तीस लाख. मंजूर नकाशा आहे का, एवढंच विचारा. नसेल तर मोठ्या बँका दारात उभं करत नाहीत, पतसंस्था चढ्या व्याजाने देतात, आणि विकायला काढाल तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकालाही कर्ज मिळत नाही.

मंजूर नकाशाच्या साइटवर मात्र पाणी विचारा. ३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण नळ गावांच्या मागोमाग आले नाहीत. माणशी दिवसाला १३५ लिटर, घरटी चार माणसं आणि ३०० फ्लॅट धरले तर सोसायटीला रोज १ लाख ६२ हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सोळा टँकर. टँकरचे हजार रुपये धरले तरी घरटी महिन्याला १,६०० झाले, तेही नळ कोरडा असेल तर. उन्हाळ्यात टँकरचा भाव चढतो. बोअर आहे असं सांगितलं तर मे महिन्यात किती तास चालतं ते शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. गेटच्या वहीत टँकरच्या नोंदी असतात. त्यातलं एप्रिल आणि मेचं पान बघायला मिळालं तर बघा.