घड्याळातल्या कॅलरी ताटात वाढू नका

माझा पेशा ऑडिटचा. त्यामुळे "आज चारशे कॅलरी जाळल्या, आता चारशेचं खायला हरकत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, हा आकडा आला कुठून? आमच्या घरात तो नवऱ्याच्या मनगटावरून येतो. ट्रेडमिलवरून उतरता उतरता तो घड्याळाकडे बघतो, समाधानाने मान डोलावतो आणि थेट फ्रीजकडे वळतो. बाकी माणूस व्यवहारात फार चोख आहे.

ही घड्याळं नाडीचे ठोके बऱ्यापैकी नीट मोजतात. कॅलरींचा मात्र ती अंदाज बांधतात. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. कॅलरींच्या बाबतीत त्यातल्या सगळ्यांत बऱ्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के निघाली आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. शिवाय व्यायामयंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यात बऱ्याचदा, तुम्ही तेवढा वेळ नुसते खुर्चीत बसला असता तरी खर्च झाल्या असत्या त्या कॅलरीही धरलेल्या असतात. म्हणजे एकच खर्च दोनदा दाखवायचा. हे मी कुठल्याही ताळेबंदात चालू देणार नाही.

मी स्वतः एक ढोबळ हिशेब धरते. सपाटीवर चालताना, बसून राहण्यापेक्षा जास्तीची जी ऊर्जा लागते, ती वजनाच्या दर किलोमागे आणि दर किलोमीटरला साधारण अर्धी कॅलरी. धावताना साधारण एक. नवऱ्याचं वजन ८४ किलो. तो पाच किलोमीटर चालून आला की झाल्या २१० कॅलरी. जवळजवळ तासाभराची चाल, अंगाला घाम, पायात गोळे. आणि १५ मिलिलिटरच्या चमच्याने दोन चमचे तेल म्हणजे सुमारे २४०. परतताना कढईत हात जरा सैल सुटला की सकाळची सगळी चाल गेली. वर तो चालला म्हणून बक्षीस वेगळं. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार.

खाण्याच्या बाजूचे आकडे तरी धड असतात का? १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. 'आम्ही १२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन हलत नाही' असं सांगणाऱ्या लोकांची त्यात नीट मोजणी केली गेली. गट लहान होता, पण निष्कर्ष बोलका आहे. त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. यात लबाडी होती असं मला वाटत नाही. मुलांच्या ताटातलं उरलेलं, चव बघताना तोंडात टाकलेलं, दुसऱ्या चहातली साखर, हे आपण कुणीच खात्यावर घेत नाही.

आता दोन्ही बाजू एकत्र बघा. वजन उतरवायचं तर दिवसाला साधायची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाणं, चारशे-पाचशे कॅलरींची. जमेच्या आणि खर्चाच्या आकड्यांमधली चूक त्याच्याएवढी किंवा त्याहूनही मोठी. अशा दोन आकड्यांची वजाबाकी करून जे उरतं त्याच्यावर मी सही करणार नाही, आणि त्याच्या जोरावर रात्री आईस्क्रीमही खाणार नाही.

त्यात शरीर स्वतःच हिशेब फिरवत असतं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांची दिवसभराची ऊर्जा मोजली. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिकार करणारी, कंदमुळं खणणारी, दिवसभर पायपीट करणारी ही माणसं. शरीराचं आकारमान लक्षात घेतलं तर त्यांचा एकूण खर्च पाश्चात्त्य देशांतल्या बैठ्या लोकांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. यामागची सगळी कारणं अजून वादात आहेत. त्यातलं एक कारण मात्र मला रविवारी घरातच दिसतं. सकाळी जोरदार पळून आलेला माणूस दुपारभर सोफ्यावरून उठत नाही आणि पाण्याचा ग्लासही मागून घेतो.

मग व्यायाम सोडायचा? मुळीच नाही. मी उलट त्याच्याबाबत जास्त कडक आहे. फक्त त्याचं खातं वेगळं ठेवते. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबीऐवजी स्नायूंसारख्या ऊतींचा असू शकतो. तो वाचवायचा तर वजनं उचलावी लागतात, आणि वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात. प्रथिनांनी पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. उतरवलेलं वजन परत चढू न देण्यात तर व्यायामाचा वाटा मोठा. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यात नाव असलेले लोक सरासरी दिवसाला तासभर तरी हालचाल करतात असं दिसतं.

माझी पद्धत एवढीच आहे. जेवणाचं प्रमाण व्यायामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी सारखंच. व्यायाम अशा वेळी ठेवायचा की तो संपला की नेहमीच्या जेवणाची वेळ झालेली असेल, म्हणजे 'वर्कआउटनंतरचं खाणं' नावाचं वेगळं खातं उघडावं लागत नाही. सकाळी उठल्यावर वजन करायचं, पण निर्णय दोन आठवड्यांच्या सरासरीवर घ्यायचा. सरासरी हलली नाही, तर थोडं ताटातून काढायचं. फार झपाट्याने घसरली, तर थोडं वाढायचं. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. त्यामुळे रोज ५०० ची तूट खरोखर राहिली तरी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतच उतरणार, आणि वजन कमी होत जाईल तसा तो वेगही मंदावणार.

व्यायाम नव्याने सुरू केला की पहिले काही आठवडे काटा उलटा चढला तरी घाबरू नका. ताणलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. त्यांच्यात साठणाऱ्या ग्लायकोजेनबरोबरही (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) पाणी येतं, ग्रॅमामागे साधारण तीन ग्रॅम.

व्यायामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी सारखंच खायचं, हा नियम सगळ्यांना लागू नाही. दीड-दोन तासांच्या वर पळणाऱ्यांनी किंवा सायकल चालवणाऱ्यांनी त्या दिवशी जास्त खायलाच हवं. वाढत्या वयाची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांनी असली तूट धरूच नये. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामाने साखर आणखी खाली जाऊ शकते. तिथे जेवण, औषध आणि व्यायामाचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालायचा. आणि बायकांनो, पाळी लांबू लागली किंवा चुकली, सतत थंडी वाजायला लागली, कालपर्यंत सहज उचललेलं वजन आज उचलेना, तर तूट जास्त झाली आहे. अशा वेळी आधी ताट वाढवा, व्यायाम थोडा कमी करा आणि डॉक्टरांकडे जा. वजनकाटा तेवढे दिवस कपाटात राहू दे.