दुसऱ्या खर्ड्याला माणूस लागतं

पहिला खर्डा मला कधी अडत नाही. बेळगावच्या वडगावात आमच्या घराला लागून यंत्रमाग आहेत. त्यांच्यावर लिहायला घेतलं की धाग्यावरून मी जरीवर जाते, जरीवरून शहापुरी साडीवर, तिथून घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या विणकरांवर, आणि मग थेट १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर. नीट आखणी करून लिहिणाऱ्याला साडी आणि सीमाप्रश्न एका पानावर क्वचितच भेटतील. मला ते आपोआप भेटतात. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं मेंदूला जन्मजात जड जातं. अशा डोक्याचं हे बळ खरं आहे.

पण त्याला कुणी वरदान म्हटलं की मला राग येतो. लेख खरा घडतो तो दुसऱ्या खर्ड्यात. काय कापायचं, काय आधी घ्यायचं, सुरुवातीला जे सांगेन म्हटलं ते पुढे सांगितलं का, हे सगळं एकाच वेळी ध्यानात धरावं लागतं. नेमकं तेच धरणं या मेंदूला जड जातं. हा आळस नव्हे. लेख जिवापाड आवडता असतो आणि तरी हात वहीकडे जात नाही. याचा त्रास बाहेरून कुणाला दिसत नाही.

माझं निदान झालं चाळिशीत. डॉक्टरांनी शाळेच्या जुन्या वह्या मागितल्या, कारण लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. २०१३ पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती. आईनं ट्रंकेतून निबंधाची वही काढली. पानोपानी तांबड्या शाईत एकच शब्द: अपूर्ण. दंगा करणारी पोरं लगेच नजरेत येतात, गप्प बसून भलतीकडे हरवलेल्या मुली सुटून जातात. आपल्या भागातल्या किती बायका अशा सुटल्या असतील!

मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधानं मला बसता येऊ लागलं, ही मोठीच गोष्ट. पण शेवटापर्यंत जायला वैनी लागतात. दुपारी त्या तांदूळ निवडायला माझ्या टेबलाशेजारी बसतात. वाचत नाहीत, काही विचारत नाहीत. पेन फार वेळ थांबलं तर तेवढं म्हणतात, "काय करूलालीस गे? लिही की." दुसरं माणूस नुसतं शेजारी असलं तरी काम सरकतं, असं एडीएचडी असलेले बरेच जण सांगतात. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांचाही मला असाच आधार वाटतो. तारीख ठरलेली, समोर गाव बसलेलं, त्यामुळे कथा पुरी होते.

म्हणून संपादकांना मनापासून विनंती आहे. "दिवाळीआधी कधीही पाठवा" असं सांगू नका. पहिली दोन पानं अमुक वारी मागा, त्या वारी फोन करा आणि फोनवरच पुढचा वार ठरवा. पानं कच्ची असली तरी चालतील, हेही आधीच सांगून टाका.