नॉटिंगहॅमची ग्रीनची पवनचक्की – आईला घेऊन गेले त्याचा वृत्तांत

इंजिनिअरिंगला एम-थ्रीमध्ये (गणिताचा तिसरा पेपर) ग्रीन्स थिअरम हा सिद्धांत रट्टा मारून पाठ केलेला, पण तो मांडणारा गणिती जॉर्ज ग्रीन पिठाची गिरणी चालवायचा हे मला इथे इंग्लंडला राहायला येईपर्यंत माहीतच नव्हतं. आई भारतातून आली होती, म्हटलं चल, इथली गिरणी दाखवते.

लंडनहून येणार असाल तर सेंट पँक्रसहून ट्रेन, पावणेदोन तासाच्या आसपास, आणि नॉटिंगहॅम स्टेशनवरून चालत अर्धा तास धरा. भागाचं नाव स्नेंटन, चक्की टेकडीवर आहे, शेवटचा चढ चांगलाच आहे. पण टेकडी आहे म्हणूनच वारा आहे! मी आधी एकटी गेले होते तेव्हा वारा पडलेला, पाती ढिम्म. त्यामुळे हवामान बघून वाऱ्याचा दिवस निवडा, आणि रोज उघडी नसते, साईटवर वार-वेळ बघूनच निघा.

ग्रीनच्या वडिलांची बेकरी होती, त्यांनी 1807 मध्ये ही विटांची चक्की बांधली. पोरगा शाळेत गेला जेमतेम वर्षभर, नंतर बेकरी आणि ही चक्की, आणि हे सगळं सांभाळून 1828 मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर निबंध छापला, साडेसात शिलिंगला एक प्रत, घेणारे 51 लोक. चाळिशीत केंब्रिजला शिकायला गेला आणि 1841 मध्ये 47व्या वर्षी वारला. पुढे 1845 मध्ये केल्विन या शास्त्रज्ञाच्या हातात तो निबंध पडला तेव्हा कुठे जगाला कळलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

चक्की 1860 च्या दशकात बंद पडली, 1947 मध्ये आगीत आतून जळाली, 1980 च्या दशकात दुरुस्त करून परत दळायला लागली.

आत जिने म्हणजे शिड्याच, उतरताना तोंड जिन्याकडे ठेवा, सॅक नको. आई 68 ची आहे, सावकाश चढली. वरच्या टोपीला (म्हणजे चक्कीच्या फिरत्या छपराला) मागे छोटा पंखा असतो, वारा बदलला की तो फिरतो आणि अख्खी टोपी पात्यांसकट वाऱ्याकडे वळवतो, माणूस लागत नाही. पात्यांचा आडवा दांडा, त्यावरचं मोठं दातेरी चाक, मग मधला उभा खांब, आणि तिथून ताकद खाली दगडांपर्यंत येते. दगडांवर धान्याचं नरसाळं, त्याखाली हलती पन्हाळी, तिला फिरता लोखंडी दांडा सारखा टकटक धक्के देतो. वारा वाढला की दगड जोरात, टकटक जोरात, वैरणही (दगडात पडणारं धान्य) आपोआप जास्त. आई तिथेच थांबली, म्हणाली, "अगं, आपण मुठीने वैरण घालायचो ते हा दांडा करतोय!" तिथे दगडावरच्या खाचा पण दाखवल्या, आई लगेच, "याला टाकी लावलीय (म्हणजे छिन्नीने टोचून खडबडीत केलंय), आपल्याकडे पाटा-वरवंट्याला लावायला बायका यायच्या तशीच." मी इंजिनिअर, पण चक्की तिला माझ्याआधी कळली.

मुलं असतील तर शेजारचं सायन्स सेंटर चुकवू नका, तासभर सहज जातो. ग्रीनची कबर जवळच सेंट स्टीफन चर्चच्या आवारात आहे, तिथेही जाऊन या.

दुकानात तिथलंच दळलेलं पीठ मिळतं, नक्की घ्या. कोंडा जास्त असतो, पोळ्यांना बारीक चाळणीने चाळा, पाणी थोडं जास्त घाला आणि अर्धा तास भिजू द्या, नाहीतर कडा फाटतात.