जिभेवरचा स्पिंडल सेल कार्सिनोमा: तुकडा कुठून घेतला?

जिभेच्या कडेची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर बायोप्सी करायची, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. स्पिंडल सेल कार्सिनोमात मात्र नुसती बायोप्सी करून भागत नाही. तुकडा चुकीच्या जागेवरून आला की निदान चुकतं आणि महत्त्वाचे आठवडे हातचे जातात.

हा मूळचा स्क्वॅमस कार्सिनोमाच, म्हणजे जिभेच्या अस्तराच्या चपट्या (स्क्वॅमस) पेशींतून उगवणारा कर्करोग. फक्त त्यातल्या बऱ्याच पेशी चातीसारख्या लांबट होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सार्कोमाचं, म्हणजे स्नायू-हाडांसारख्या ऊतींतल्या कर्करोगाचं, सोंग घेतात. म्हणून त्याला सार्कोमॅटॉइड असंही म्हणतात. बाहेरून तो अनेकदा मांसल कोंबासारखा दिसतो आणि भराभर वाढतो. वाढता वाढता वरचं अस्तर झडतं आणि खरा घोळ तिथेच होतो, कारण ओळख पटवणारा स्क्वॅमस भाग मग बुडाशी किंवा कडेलाच शिल्लक राहतो. मधल्या पांढुरक्या, मेलेल्या भागातून चिमूटभर तुकडा काढला तर रिपोर्टात ‘ग्रॅन्युलेशन टिश्यू’ (भरत्या जखमेचं साधं मांस) येतं आणि रुग्ण जेल लावत बसतो.

तेव्हा तुकडा व्रणाच्या कडेचाच हवा, शेजारच्या निरोगी भागासकट आणि पुरेसा खोल. तो लगेच १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाकायचा. द्रावण तुकड्याच्या किमान दहापट असावं. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच खराब होतो. जमत असेल तर एमआरआय बायोप्सीच्या आधी करून घ्यावा, नाहीतर बायोप्सीनंतरची सूज गाठीत मिसळून दिसते.

पुढे आयएचसी, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून त्यांचं मूळ ओळखण्याची तपासणी. केराटिन, पी६३, पी४० यांपैकी काही पॉझिटिव्ह आलं तर बाजू कार्सिनोमाची. एस१०० आणि सॉक्स१० मेलानोमासाठी (रंगद्रव्य पेशींचा कर्करोग), डेस्मिन आणि मायोजेनिन रॅब्डोमायोसार्कोमासाठी (स्नायूंचा सार्कोमा). केराटिन निगेटिव्ह आलं म्हणून लगेच ‘सार्कोमा’ लिहून मोकळं होऊ नये; काही स्पिंडल सेल कार्सिनोमांत ते लागतच नाही. अशा वेळी आणखी छेद कापून स्क्वॅमस भाग शोधायचा, किंवा सरळ दुसरी बायोप्सी घ्यायची. तोंडाच्या कर्करोगाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पुन्हा वाचून घेण्यात संकोच कसला? रॅब्डोमायोसार्कोमात केमोथेरपी हा उपचाराचा कणा असतो, इथे शस्त्रक्रिया. नाव चुकलं की सगळी दिशाच चुकते.

स्टेज ठरवताना कोंबाच्या उंचीला फसू नये. रोग किती खोल गेला ते मोजायचं शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळपातळीपासून खाली; वर आलेला भाग त्यात धरत नाहीत. ५ आणि १० मिलिमीटर हे त्यातले टप्पे. मानेचा आणि छातीचा स्कॅन ओघाने आलाच.

शस्त्रक्रियेत गाठीभोवती सगळ्या बाजूंनी साधारण १ सेंटिमीटर निरोगी भाग घेतात. कापलेला स्नायू आकसतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ५ मिलिमीटर उरावेत हा हिशेब. दगा बहुधा खालची बाजू देते, कारण स्नायूंच्या धाग्यांतून सरकलेला रोग बोटांना लागत नाही. मानेच्या गाठी (लसिकाग्रंथी) हाताला लागत नसल्या तरी त्या बहुधा त्याच वेळी काढतात. टाटा मेमोरियलच्या २०१५ सालच्या चाचणीत, तोंडाच्या सुरुवातीच्या स्क्वॅमस कर्करोगात असं केल्यावर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात ६७.५ टक्के.

रेडिएशन लागणार असेल तर ते शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं: साधारण ६० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), ३० बैठकांत. कडेला रोग उरला असेल किंवा मानेतल्या गाठीचं कवच फोडून बाहेर आला असेल, तर मात्रा ६६ ग्रेपर्यंत जाते आणि प्रकृतीला झेपणार असेल तर जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. त्याआधी मूत्रपिंड आणि श्रवण तपासतात. न वाचणारे दात रेडिएशनच्या १० ते १४ दिवस आधीच काढून टाकायचे. नंतर काढले तर जबड्याची जखम न भरण्याचा, हाड मरण्याचा धोका असतो.

रोग परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत. त्याच बाजूचा कान दुखू लागला तर कानात थेंब घालण्याआधी जीभ बोटाने चाचपून बघावी. जिभेला आणि कानाजवळच्या भागाला संवेदना पुरवणाऱ्या शाखा एकाच मज्जातंतूच्या आहेत. आणि मूळ बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक (तुकडा ज्यात बसवून जपतात ते) ताब्यात घेऊन जपून ठेवावेत. परतलेल्या गाठीत नुसत्या लांबट पेशी दिसल्या, तर पॅथॉलॉजिस्ट पहिल्यांदा तेच मागतो.